गोव्यात घरावर सोलर: पॅनेलचा खर्च वेगळा मांडा, बॅटरीचा वेगळा

सोलरवाल्याला फोन केला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती किलोवॅट हवं?" खरे तर याचे उत्तर त्याने द्यायचे असते, तेही तुमचे बिल आणि तुमचे छप्पर बघून. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर एका ओळीचे कोटेशन येते: ३ किलोवॅट हायब्रिड, बॅटरीसकट, साडेतीन लाख. सबसिडी वजा जाता पावणेतीन. आणि मग घरात चर्चा सुरू होते की हे पैसे किती वर्षांत फिटतील.

त्या एका आकड्यात दोन निराळ्या वस्तू मिसळल्यात. पॅनेल तुमचे बिल कमी करतात. बॅटरी बिल कमी करत नाही, किंवा इतके कमी करते की धरण्यात अर्थ नाही. ती वीज गेल्यावर पंखा आणि फ्रीज चालू ठेवते. जिथे वीज महाग आहे तिथे गणित निराळे असेल. गोव्यात घरगुती वीज शेजारच्या महाराष्ट्रापेक्षा बरीच स्वस्त आहे, त्यामुळे इथे हे दोन हिशेब एका कागदावर मांडलेच तर मधे रेघ ओढून मांडावेत.

आधी वीज बिल

मागच्या बारा महिन्यांची बिले काढा. एका महिन्याच्या बिलावर भरवसा ठेवू नका, कारण एप्रिल-मेमध्ये एसी चालतो, जुलैत पंखाही बंद असतो आणि चतुर्थीला मुंबई-पुण्याची सगळी मंडळी घरी आली की त्या महिन्याचे युनिट वेगळीच गोष्ट सांगतात. बारा महिन्यांचे युनिट मिळवा आणि बाराने भागा.

गोव्यातले घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात आणि ते संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो. पहिल्या १०० युनिटांचा दर दोन रुपयांच्या आसपास, ४०० च्या वरच्या युनिटांचा सहाच्या आसपास. हिशेब सोपा व्हावा म्हणून इथे मी गोल आकडे धरतो: शंभर-शंभर युनिटांच्या टप्प्यांना युनिटमागे २, ३, ४, ५ आणि ४०० च्या पुढे ६ रुपये. तुम्ही स्वतःचा हिशेब करताना बिलावरचे चालू दर घाला.

दुसरा आकडा उत्पादनाचा. १ किलोवॅटचे पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट देतात, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास. ३ किलोवॅट म्हणजे ३५० ते ३६०.

आता तीन घरे घेऊ. दिवसा जास्तीचे युनिट वीज खात्याच्या तारेत जातात आणि रात्री तेवढेच परत मिळतात असे इथे धरले आहे; हा हिशेब ठेवतो तो नेट मीटर.

पहिल्या घरात महिना १५० युनिट लागतात. विजेचा आकार ३५० रुपये. १ किलोवॅट बसवले तर महिना साधारण २९० रुपये वाचतील, वर्षाला साडेतीन हजारांच्या आत. १ किलोवॅटला ७०-७५ हजार पडतात, केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून ३० हजार सबसिडी परत येते, तरी चाळीस-पंचेचाळीस हजार फिटायला बारा वर्षे. अशा घराला मी घाई करू नका असेच सांगतो.

दुसऱ्या घरात ३५० युनिट लागतात. आकार ११५० रुपये. ३ किलोवॅटने तो जवळजवळ पुसला जातो. वर्षाला १३,८०० वाचतात. ३ किलोवॅट ऑन-ग्रिड सिस्टीम, म्हणजे बाहेरच्या तारेला जोडलेली, बॅटरी नसलेली, १ लाख ७० हजार ते २ लाख १० हजारांत मिळते. १ लाख ९० हजार धरा, ७८ हजार सबसिडी वजा करा, उरले १ लाख १२ हजार. आठ वर्षे.

तिसऱ्या घरात दोन एसी आहेत, ६०० युनिट लागतात. तेच ३ किलोवॅट इथे वरचे महागडे युनिट कापते: २०० युनिट सहाचे, १०० पाचचे, ५० चारचे. महिना १९०० रुपये, वर्षाला २२,८००. पाच वर्षांत पैसे वसूल.

पॅनेल तेच, ऊन तेच, खर्चही तेवढाच. फरक पडला तो फक्त कोणत्या टप्प्यातले युनिट वाचले त्याने. म्हणून "शेजाऱ्याचे पाच वर्षांत फिटले" यावर जाऊ नका, शेजाऱ्याचे बिल विचारा. आणि स्थिर आकार सोलर बसवले तरी भरावाच लागतो, बिल शून्यावर येणार असे कोणी सांगत असेल तर त्याला तो आकार दाखवा.

छप्पर: इथेच गोव्याचे गोवेपण आडवे येते

सरकारी अंदाज १ किलोवॅटला १०० चौरस फूट मोकळ्या, सावली नसलेल्या जागेचा. आजकालच्या साडेपाचशे वॅटच्या पॅनेलना याहून कमी जागा पुरते, ३ किलोवॅटला सहा पॅनेल लागतात. पण धुवायला, दुरुस्तीला माणूस फिरला पाहिजे, तेव्हा अडीचशे चौरस फुटांच्या खाली जाऊ नका.

सावली हा खरा शत्रू. पॅनेल एकामागे एक जोडलेले असतात, एकावर माडाच्या झावळाची सावली पडली तर साऱ्या रांगेचे उत्पादन घटते. विक्रेता बहुधा दुपारी बाराला येतो, तेव्हा सगळे छान दिसते. तुम्ही सकाळी नऊला आणि दुपारी साडेतीनला गच्चीवर जा आणि खडूने सावलीची रेघ मारा. त्यातही डिसेंबर ध्यानात ठेवा. गोवा साडेपंधरा अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून ५० अंशांवरच असतो. दक्षिणेला गच्चीहून १५ मीटर उंच जाणारा माड असेल तर भर दुपारीही त्याची सावली १२ मीटर लांब पडते. मे महिन्यात पाहणी केली तर हा माड कुणाच्या लक्षातच येत नाही. माड पाडा असे मी म्हणत नाही. पॅनेल दुसऱ्या कोपऱ्यात सरकवा. आणि माडाखाली पॅनेल तर नकोच, नारळ काय करतो ते सांगायला नको.

स्लॅब असेल तर काम सोपे: दक्षिणेकडे तोंड, १५ अंशांच्या आसपास उतार. पण आपल्याकडे स्लॅब गळू नये म्हणून त्यावर पत्र्याचे छप्पर घातलेले असते. त्यावर पॅनेल बसतात, मात्र पत्र्याखालचे पाइप गंजलेले आहेत का ते आधी फॅब्रिकेटरकडून तपासून घ्या. पॅनेल पंचवीस वर्षे टिकणारे आणि खालचा पाइप चारच वर्षे टिकणारा असेल तर छप्पर बदलताना सगळी सिस्टीम उतरवून पुन्हा चढवायचा खर्च तुमच्याच अंगावर येतो.

मंगळुरी कौलांच्या जुन्या घराचे काम बरेच जण टाळतात, आणि त्यांचे चुकत नाही. हुक कौलाखालच्या वाशांना धरावे लागतात, वासे जुने असतात, आणि चार माणसे वर चढली की वीस कौले फुटतात. अशा घरात पोर्चचा स्लॅब, गोठ्याचे छप्पर किंवा परसातली उघडी जागा बघा. जमिनीवर लोखंडी मांडणी करून पॅनेल लावता येतात. मांडणीचा खर्च वाढतो, पण धुणे सोपे होते.

किनाऱ्याजवळ, म्हणजे कळंगुट-बागा, कोलवा, मोरजी, हरमल या पट्ट्यात, खारा वारा लोखंड खातो. तिथे हॉट-डिप गॅल्वनाइझ केलेली (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली) किंवा ॲल्युमिनियमची मांडणी आणि स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट लिहून घ्या. नुसते "जीआय" (जस्त चढवलेले लोखंड) लिहिले असेल तर कोणते, ते विचारा. बाजारातला चांदीचा रंग मारलेला पाइपही लांबून तसाच दिसतो.

वीज गेली की सोलरही जाते

नवीन माणसाला हे कुणी नीट सांगत नाही. साधी ऑन-ग्रिड सिस्टीम असेल आणि बाहेरची वीज गेली, तर वर रखरखीत ऊन असले तरी तुमच्या घरात अंधार. सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र, स्वतःहून बंद होतो. कारण साधे आहे: खांबावर लाईनमन काम करत असेल आणि तुमच्या छपरावरची वीज तारेत उतरली तर त्याचा जीव जाईल. म्हणून ही व्यवस्था सक्तीची आहे आणि ती तशीच असायला हवी.

वीज गेल्यावरही घर चालवायचे असेल तर तीन वाटा आहेत.

एक, ऑन-ग्रिड सोलर आणि शेजारी घरातला जुना इन्व्हर्टर-बॅटरी तसाच. गोव्यात पुष्कळ घरांत तो आधीच असतो. वीज दोन-तीन तासच जात असेल तर याहून स्वस्त उपाय नाही, आणि माझे मत विचाराल तर फोंडा, म्हापसा, मडगावच्या शहरी वस्तीतल्या बहुतेक घरांना एवढे पुरे. विक्रेता हे सांगणार नाही, कारण यात त्याला विकायला काही उरत नाही.

दोन, हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी. दिवसा पॅनेल घर चालवतात, बॅटरी भरतात, उरलेली वीज खात्याच्या तारेत जाते. वीज गेली की घर बाहेरच्या तारेपासून तुटते आणि बॅटरी-पॅनेलवर चालते. पावसात वाऱ्याने फांदी पडून दिवस-दिवस लाईन बंद राहते अशा आतल्या गावांत याला अर्थ आहे. मे २०२१ च्या तौक्ते वादळात खांब आडवे झाले तेव्हा जुन्या इन्व्हर्टरची बॅटरी पहिल्याच रात्री संपली, कारण ती भरायला वीजच नव्हती. हायब्रिडमध्ये ढगाळ दिवसातसुद्धा ३ किलोवॅटमधून चार-सहा युनिट येतात आणि रात्रीची सोय होते.

तीन, पूर्ण ऑफ-ग्रिड. जिथे खात्याची लाईनच पोचत नाही अशा बागायतीतल्या मांगरासाठी (शेतघरासाठी) ठीक. घरासाठी नको, यावर पीएम सूर्यघर योजनेची सबसिडीही मिळत नाही.

बॅटरी किती मोठी?

कागद घ्या आणि वीज गेल्यावर रात्री काय चालले पाहिजे ते लिहा. काय चालले तर बरे, हे लिहू नका. तीन पंखे आठ तास: जुने ७५ वॅटचे असतील तर १.८ युनिट, कमी वीज खाणारे बीएलडीसी असतील तर पाऊण युनिट. फ्रीज रात्रभरात अर्धा-पाऊण युनिट. चार एलईडी दिवे, राउटर, मोबाइल चार्जिंग मिळून अर्धा युनिट. बेरीज फार तर तीन युनिटांच्या आसपास. म्हणजे ५ युनिटांची लिथियम बॅटरी रात्र काढते आणि थोडी शिल्लक राहते.

या यादीत दीड टनाचा एसी आला की तो तासाला सव्वा-दीड युनिट घेतो, तीन-चार तासांत बॅटरी रिकामी. गिझर तर नकोच. विहिरीचा पंप वेगळा त्रास देतो: १ एचपी म्हणजे पाऊण किलोवॅट, पण सुरू होताना तो क्षणभर त्याच्या कित्येक पट करंट ओढतो आणि छोटा इन्व्हर्टर बंद पडतो. पंप बॅटरीवर हवाच असेल तर तसे आधी सांगा. माझा सल्ला, टाकी सकाळीच भरून ठेवा आणि पंप या यादीतून काढा.

यासाठी वायरमनकडून घरात दोन लाईन वेगळ्या करून घ्याव्या लागतात, एक बॅकअपवरची, एक नसलेली. जुन्या घरात वायरिंग कुठून कुठे गेलेय ते कुणालाच ठाऊक नसते, आणि या कामाचे पाच-दहा हजार कोटेशनमध्ये दिसत नाहीत.

लिथियम की ट्युब्युलर (जुन्या इन्व्हर्टरला असते ती पाणी घालायची बॅटरी)? १२ व्होल्ट १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी कागदावर १.८ युनिटांची, टिकवायची असेल तर निम्मीच वापरायची. चार घेतल्या तर ७.२ युनिट, हातात साडेतीन. प्रत्येकी १४ ते २० हजार, चारांचे साठ-सत्तर हजार, आणि रोज वापर असेल तर चार-पाच वर्षांत पुन्हा तेवढेच. पाणी घालायचे लक्षात ठेवावे लागते, ते कुणाच्याच राहत नाही. ५ युनिटांची लिथियम फॉस्फेट बॅटरी ९० हजार ते १ लाख ४० हजारांत येते, त्यातले साडेचार युनिट वापरता येतात आणि ती चार ते सहा हजार वेळा भरता-रिकामी करता येते. हायब्रिड इन्व्हर्टर ६० ते ९० हजार, साधा ऑन-ग्रिड त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात. तेव्हा ऑन-ग्रिडच्या १ लाख ९० हजारांवर बॅटरीसाठी आणखी दीड-पावणेदोन लाख वाढतात. या वाढीव रकमेवर केंद्राची सबसिडी शून्य आहे.

आणि ही बॅटरी बिलात काय वाचवते? १ लाख १० हजारांची बॅटरी रोज पूर्ण वापरली, तेही दहा वर्षे, तर ती १६,४०० युनिट साठवून देईल. प्रत्येक युनिटमागे ६ रुपये ७० पैसे नुसते साठवणुकीचे पडले. आपल्याकडचा सगळ्यात वरचा टप्पाही सहाच्या आसपास. शिवाय नेट मीटरमध्ये हेच काम फुकट होते: दिवसा जास्तीचे युनिट खात्याला द्या, रात्री तेवढेच परत घ्या. म्हणून बॅटरीचा विचार जनरेटरसारखा करावा. अंधारात न बसण्याची किंमत दीड लाख तुम्हाला परवडते का, एवढाच प्रश्न. घरी कुणी आजारी असेल, ऑक्सिजनचे यंत्र असेल, घरून नोकरी असेल तर उत्तर चटकन हो येते. नाही तर आज बॅटरी घेऊ नका. एक-दोन पावसाळे बघा. पुढे बॅटरी जोडायचा विचार पक्का असेल तर आत्ताच हायब्रिड इन्व्हर्टर घेऊन बॅटरी नंतर जोडता येते, पण कोणत्या बॅटऱ्या त्याला चालतील ती यादी लिहून घ्या.

कोटेशन वाचताना

निदान तीन मागवा आणि एकाखाली एक ठेवा. माझ्यासमोर आलेल्या अशाच एका कागदावर लिहिले होते: "पॅनेल ३ किलोवॅट, इन्व्हर्टर ब्रँडेड, स्ट्रक्चर जीआय, अर्थिंग पूर्ण." या ओळीतला एकही शब्द पुढे धरून ठेवता येत नाही. पॅनेलची कंपनी, मॉडेल, वॅट आणि नग लिहून घ्या. ते डीसीआर आहेत, म्हणजे देशात बनलेल्या सेलचे आहेत, हे लिहिलेले हवे. नसतील तर सबसिडी नाही, आणि बिगर-डीसीआर स्वस्त पडतात म्हणून गोंधळ इथेच होतो. इन्व्हर्टरचे मॉडेल आणि किती वर्षांची वॉरंटी. अर्थिंग किती: पॅनेलचे, इन्व्हर्टरचे आणि वीजरोधकाचे (आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या सळीचे) वेगवेगळे हवे. आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही आणि अर्थिंग कमजोर पडते, तेव्हा काम झाल्यावर मीटरने मोजून आकडा कागदावर लिहायला सांगा. मेच्या शेवटी विजा कडाडतात तेव्हा इन्व्हर्टर वाचतो तो या आकड्याने आणि सर्ज प्रोटेक्टरने, म्हणजे अचानक वाढलेला दाब अडवणाऱ्या उपकरणाने.

जीएसटीही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर साहित्यावर तो १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सामान आणि काम मिळून दिलेल्या कंत्राटात सत्तर टक्के रकमेवर ५ आणि तीस टक्क्यांवर १८ असा हिशेब बसतो, एकूण ८.९ टक्के. कोणी अजून जुन्या १३.८ ने आकारत असेल तर विचारा. सुट्या बॅटरीवर मात्र १८ टक्के आहेत.

अर्ज, सबसिडी आणि आजोबांच्या नावाचे मीटर

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार. ३ किलोवॅट आणि त्याच्या वर कितीही बसवले तरी ७८ हजारच. म्हणजे ५ किलोवॅट घेणाऱ्याला वरचे दोन किलोवॅट स्वतःच्या खिशातून. राज्याच्या सवलतीसाठी अर्ज करण्याआधी गोवा ऊर्जा विकास संस्थेत, म्हणजे गेडाच्या कार्यालयात, चालू परिपत्रक बघून घ्या.

क्रम असा: राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक घालून नोंदणी, मग अर्ज, मग पोर्टलच्या यादीतला विक्रेता निवडून काम, मग नेट मीटरचा अर्ज, वीज खात्याची तपासणी, मीटर बसला की पोर्टलवर पूर्णत्वाचा दाखला, आणि शेवटी बँकेचा तपशील. सबसिडी थेट तुमच्या खात्यात येते. विक्रेत्याने "सबसिडी आमच्याकडे वळती करू" म्हटले तर दुसरा बघा. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला, जोडणी शक्य आहे का या काम सुरू होण्याआधीच्या तांत्रिक तपासणीची वाट बघावी लागत नाही, तो मंजूर धरला जातो. वीज ग्राहक हक्क नियमांच्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर नियम तसाच आहे. मंजूर भार (तुमच्या जोडणीला मंजूर असलेले किलोवॅट) कमी असेल तर तोही त्याबरोबर वाढवून मिळतो.

अडते ते नावात. गोव्यातल्या पुष्कळ जुन्या घरांत मीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर असते, घर पाच भावंडांच्या सामाईक मालकीचे, त्यातला एक पोर्तुगालला. अर्जदार, वीजजोडणी आणि बँक खाते यांत एकच नाव लागते. म्हणून सोलरवाल्याला फोन करण्याआधी वीज खात्याच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन नाव बदलाचे काम हाती घ्या; बाकीच्या वारसांची ना-हरकत लागली तर ती चतुर्थीला सगळे जमतात तेव्हाच मिळते, एरवी नाही. फ्लॅटमध्ये गच्ची सोसायटीची असते, तेव्हा ठराव हवा. सोसायटीने पंप-लिफ्टसाठी सामाईक सोलर बसवले तर तिला किलोवॅटमागे १८ हजारांची वेगळी सबसिडी आहे.

पैसे हप्त्यांत द्या. थोडी उचल, सामान आल्यावर मोठा भाग, आणि दहा-पंधरा टक्के नेट मीटर फिरू लागेपर्यंत हातात. पॅनेल बसतात दोन दिवसांत, मीटरच्या कागदांसाठी मात्र विक्रेत्याच्या मागे लागावे लागते, आणि शिल्लक रक्कम असली की तो फोन उचलतो. कर्ज हवे असेल तर या योजनेत ३ किलोवॅटपर्यंत २ लाखांचे कर्ज तारणाशिवाय, रिझर्व्ह बँकेचा रेपो दर अधिक अर्धा टक्का अशा व्याजाने मिळते.

बसवल्यानंतर

जून-जुलैत उत्पादन निम्म्यावर येते, कधी त्याच्याही खाली. घाबरू नका. एप्रिल-मेचे जास्तीचे युनिट तुमच्या बिलात पुढे ओढले जातात आणि पावसात वापरले जातात. हिशेब आर्थिक वर्षाअखेर मिटतो. म्हणून बसवायचे तर मार्च-एप्रिलपर्यंत मीटर फिरू लागेल असे बघा. पावसाच्या तोंडावर बसवले की पहिले चार महिने नुसती निराशा.

पाऊस धूळ धुतो, पण शेवाळ आणि कावळ्यांची घाण त्याला निघत नाही. दिवाळीनंतर एकदा मऊ कापडाने, सकाळी पॅनेल थंड असताना पुसा. मग फेब्रुवारीपासून दर पंधरवड्याला, खाणपट्ट्यात किंवा कच्च्या रस्त्याशेजारी दर आठवड्याला. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नका. बॅटरी पत्र्याखाली किंवा स्वयंपाकघरात नको. सावलीत, वारा खेळेल अशा भिंतीवर, जमिनीपासून फूटभर वर.

योजनेत बसवलेल्या सिस्टीमची पाच वर्षे देखभाल विक्रेत्याच्या गळ्यात असते, ती कागदावर घ्या. आणि दर महिन्याला ॲपमधले उत्पादन बिलाशेजारी ठेवून बघा. डिसेंबर ते मार्च या काळात ३ किलोवॅटमधून महिना तीनशेच्या खाली युनिट येत असतील तर आधी वर जाऊन सावली आणि धूळ बघा, मग विक्रेत्याला बोलवा.